‘पीपिंग टॉम’ची समीक्षा : निंदेपासून गौरवापर्यंत

मायकल पॉवेल यांनी दिग्दर्शित केलेला ‘पीपिंग टॉम’ हा ब्रिटिश चित्रपट एप्रिल १९६० मध्ये लंडनच्या प्लाझा चित्रगृहात प्रदर्शित झाला. पुढच्या तीन आठवड्यांत लंडनच्या बहुतेक प्रमुख वृत्तपत्रांनी आणि साप्ताहिकांनी त्याच्यावर जी झोड उठवली, तशी त्या देशात क्वचितच एखाद्या चित्रपटाच्या वाट्याला आली असेल. चित्रपट फसला आहे एवढे म्हणून समीक्षक थांबले नाहीत. तो घाण आहे, रोगट आहे, त्याला दुर्गंधी येते, अशी भाषा त्यांनी वापरली. आज हाच चित्रपट विद्यापीठांत शिकवला जातो, आणि ब्रिटिश चित्रपटांच्या श्रेष्ठतेच्या याद्यांत त्याचे नाव सहसा असते. मत एवढे पालटायला सुमारे ३५ वर्षे लागली. या बदलाची पुढे एक आख्यायिका झाली आणि ती सगळीच खरी नाही.

पॉवेल हे काही नवखे दिग्दर्शक नव्हते. हंगेरीत जन्मलेले लेखक एमेरिक प्रेसबर्गर यांच्यासह ‘द आर्चर्स’ या नावाने त्यांनी १९४०च्या दशकात एकामागून एक गाजलेले चित्रपट केले होते. ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’ (१९४६) राजघराण्यासाठी होणाऱ्या पहिल्याच ‘रॉयल फिल्म परफॉर्मन्स’साठी निवडला गेला. ‘ब्लॅक नार्सिसस’ (१९४७) ही हिमालयातल्या एका जुन्या राजवाड्यात मठ थाटणाऱ्या ख्रिस्ती जोगिणींची कथा. तिचे चित्रण इंग्लंडमध्येच झाले. पडद्यावरची हिमशिखरे रंगवलेली होती, आणि रंगीत छायाचित्रण व कलादिग्दर्शन या दोन्हींसाठी त्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. ‘द रेड शूज’ (१९४८) अमेरिकेतही तुफान चालला. तरीही लंडनच्या समीक्षकांचे पॉवेल यांच्याशी पूर्ण जमले असे कधी झाले नाही. कौशल्य वादातीत आहे, पण या माणसाला संयम कळत नाही, रंग आणि भावना तो हात राखून वापरत नाही, ही तक्रार आधीपासून होती. १९५७ मध्ये प्रेसबर्गर आणि पॉवेल वेगळे झाले. त्यानंतर पॉवेल यांनी स्पेनमध्ये केलेला ‘हनीमून’ (१९५९) पडला. म्हणजे ‘पीपिंग टॉम’ हाती घेतला तेव्हा त्यांचा पडता काळ सुरू झालेला होता. ही गोष्ट पुढची आख्यायिका तपासताना उपयोगी पडते.

कथा लिओ मार्क्स यांची. लंडनच्या ८४, चेअरिंग क्रॉस रोड इथल्या प्रसिद्ध जुन्या पुस्तकांच्या दुकानाच्या मालकाचा हा मुलगा. दुसऱ्या महायुद्धात तो ब्रिटिश गुप्त कारवाया पथकाच्या सांकेतिक लिपी विभागाचा प्रमुख होता. शत्रूच्या मुलखात उतरणाऱ्या हेरांना संकेत शिकवायचे आणि त्यांच्यापैकी कितीतरी परत येणार नाहीत हे मनाशी जाणून असायचे, असे त्याचे काम होते. पॉवेल आणि मार्क्स यांना मुळात फ्रॉइडवर चित्रपट करायचा होता. तेवढ्यात जॉन ह्यूस्टन यांनी त्याच विषयावरच्या चित्रपटाची घोषणा केली, तेव्हा मार्क्स यांनी दुसरी कल्पना पुढे ठेवली : आपण ज्या बायकांचे चित्रण करतो त्यांना कॅमेऱ्यानेच मारणारा एक तरुण. फ्रॉइडचे चरित्र मागे पडले. पण त्याचे विचार नव्या कथेत शिरले, आणि समीक्षेच्या दृष्टीने हा तपशील महत्त्वाचा ठरला.

निर्मितीत पैसा घातला तो नॅट कोहेन आणि स्टुअर्ट लेव्ही यांच्या अँग्लो-अमाल्गमेटेड या कंपनीने. ‘कॅरी ऑन’ मालिकेतले सवंग विनोदी चित्रपट बाजारात आणणारी कंपनी ती हीच. ‘हॉरर्स ऑफ द ब्लॅक म्यूझियम’ (१९५९) आणि ‘सर्कस ऑफ हॉरर्स’ (१९६०) असे भडक भयपटही तिने काढले होते. या दोन्हींच्या रांगेत ‘पीपिंग टॉम’ला बसवून समीक्षक डेव्हिड पिरी यांनी १९७३ मध्ये या तिघांना मार्की द साद याच्या नावाने ओळखले जाणारे त्रिकूट ठरवले. १९६० च्या प्रेक्षकाला मात्र एवढेच दिसत होते की ‘रेड शूज’चा दिग्दर्शक स्वस्त भयपटांच्या दुकानात कामाला लागला आहे.

चित्रपटाचा नायक मार्क लुइस एका स्टुडिओत फोकस पुलर, म्हणजे कॅमेऱ्याचा फोकस सांभाळणारा सहायक, आहे. फावल्या वेळात तो एका वृत्तपत्रविक्रेत्याच्या दुकानाच्या माडीवर, चोरून विकल्या जाणाऱ्या अर्धनग्न छायाचित्रांसाठी मॉडेल्सचे फोटो काढतो. त्याचे वडील नामांकित शास्त्रज्ञ होते. मुलांच्या मज्जासंस्थेवर भीतीचा काय परिणाम होतो याचा अभ्यास त्यांनी स्वतःच्या मुलावर केला. त्याला रात्री झोपेतून उठवायचे, अंथरुणावर सरडा सोडायचा, आईच्या मृत्युशय्येशी उभे करायचे आणि हे सगळे फिल्मवर टिपायचे. मोठा झालेला मार्क वडिलांचाच प्रयोग पुढे चालवतो. त्याच्या कॅमेऱ्याच्या ट्रायपॉडच्या एका पायात पाते दडवलेले आहे, आणि मरणाऱ्या बाईला स्वतःचाच भेदरलेला चेहरा दिसावा म्हणून त्याने वर आरसा बसवला आहे. हे आरशाचे रहस्य शेवटाकडे उलगडते. खुनी कोण हे मात्र पहिल्या दोन मिनिटांतच कळते. त्यामुळे रहस्यकथेचा नेहमीचा आधार इथे नाही. ताण असतो तो या लाजाळू, मृदू बोलणाऱ्या माणसाविषयी वाटू लागणाऱ्या कणवेचा.

दृश्यशैलीच्या बाबतीत हा चित्रपट त्या काळच्या ब्रिटिश चित्रपटांत वेगळा उठून दिसतो. प्राग शहरातून आलेले छायाचित्रकार ऑटो हेलर यांनी ईस्टमनकलरमध्ये लाल, पिवळे, निळे रंग मुद्दाम गडद ठेवले. सुरुवातीची गल्ली लंडनच्या फिट्झरोव्हिया भागातली आहे. पण तिच्यावरचा उजेड असा आहे की ती सेटच वाटावी. मार्कच्या खोलीमागची अंधारखोली लाल दिव्याने भरलेली असते, आणि तिथे तो स्वतः टिपलेले खून कृष्णधवल पडद्यावर पुन्हा पाहतो. पहिला खून प्रेक्षकाला व्ह्यूफाइंडरच्या फुलीतून दिसतो. श्रेयनामावली चालू असताना तीच दृश्ये पुन्हा येतात, या वेळी रंग काढून घेतलेली, आणि पडद्यासमोर पाठमोरा बसलेला मार्क. पाहणारा तो आणि पाहणारे आपण यांच्यातले अंतर पॉवेल यांनी पाचच मिनिटांत मिटवून टाकले. रक्त म्हणावे तर पडद्यावर जवळजवळ नाहीच. पाते जवळ येते, चेहरा भीतीने वाकडा होतो आणि दृश्य तुटते.

पात्रयोजनेतही खोडसाळपणा भरपूर. मार्कची भूमिका कार्लहाइन्झ बोम यांना दिली. हे संगीतसंचालक कार्ल बोम यांचे चिरंजीव, आणि जर्मन भाषक प्रेक्षकांना ‘सिसी’ चित्रमालिकेतला देखणा तरुण सम्राट म्हणून परिचित. मार्कच्या क्रूर पित्याचे काम पॉवेल यांनी स्वतः केले आणि लहानग्या मार्कचे काम त्यांचा मुलगा कोलंबा याने. ‘रेड शूज’ची नायिका मोइरा शिअरर इथे स्टुडिओतली एक बदली नर्तिका आहे, ती रिकाम्या सेटवर नाचते आणि एका ट्रंकेत प्रेत होऊन पडते. मार्कच्या घरातल्या आंधळ्या बाईला (मॅक्सिन ऑडली) डोळस माणसांपेक्षा जास्त समजते. तर चित्रपटातल्या चित्रपटाचे दिग्दर्शक झालेले एस्मंड नाइट हे युद्धात खरोखरच दृष्टी गमावून बसलेले आणि ती अंशतः परत मिळालेले नट होते.

सेन्सॉरचा अडथळा फारसा आला नाही. मंडळाचे सचिव जॉन ट्रेव्हेलियन यांनी काही कापाकापी सुचवून चित्रपटाला ‘एक्स’ प्रमाणपत्र दिले. तेव्हाच्या नियमाप्रमाणे सोळा वर्षांखालील कुणालाही तो पाहता येणार नव्हता. पहिल्या खेळानंतर पॉवेल आणि बोम निमंत्रितांची वाट पाहत बाहेर उभे राहिले, पण ओळखीची माणसेही एक शब्द न बोलता निघून गेली, अशी आठवण बोम यांनी पुढे सांगितली आहे.

मग परीक्षणे आली. ‘डेली एक्सप्रेस’मध्ये लेन मोझ्ली यांनी लिहिले की पूर्व पाकिस्तानातल्या कुष्ठवस्त्या, मुंबईच्या मागल्या गल्ल्या आणि कलकत्त्याची गटारे पाहूनही आपल्याला या चित्रपटाने आणली तेवढी शिसारी आणि खिन्नता आली नव्हती. अभिनय चांगला आणि छायाचित्रण उत्तम, हेही त्यांनी त्याच परीक्षणात मान्य केले. दिग्दर्शकाला लाज वाटली पाहिजे, हे मत मात्र बदलले नाही. मोझ्ली हे जग हिंडलेले बातमीदार. ब्रिटिश राजवटीच्या अखेरीवरचे त्यांचे पुस्तक पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये आले. महाराष्ट्र राज्याची राजधानी व्हायला मुंबईला तेव्हा तीन आठवडेच उरले होते. लंडनच्या खपाऊ दैनिकाच्या वाचकाला मात्र ते शहर अजून घाणीचे माप म्हणूनच सांगितले जात होते. मुंबईचे नाव दुसऱ्या परीक्षणातही निघाले. ‘न्यू स्टेट्समन’मध्ये विल्यम व्हाइटबेट या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉर्ज स्टोनिअर यांनी ‘द स्ट्रँगलर्स ऑफ बॉम्बे’ या हॅमर कंपनीच्या ठगांवरच्या भयपटानंतर इतका दुर्गंधी ब्रिटिश चित्रपट झाला नाही, असा निकाल दिला.

‘ऑब्झर्व्हर’च्या सी. ए. लेज्यून या तीस वर्षांहून अधिक काळ परीक्षण लिहिणाऱ्या ज्येष्ठ समीक्षक. त्यांना तर किळस इतकी आली की चित्रपटातल्या नटांची नावे छापायलाही त्यांनी नकार दिला. ‘स्पेक्टेटर’मध्ये इझाबेल क्विग्ली यांनी आपल्या आठवणीतला हा सर्वांत विकृत आणि गलिच्छ चित्रपट ठरवला. कम्युनिस्ट पक्षाच्या ‘डेली वर्कर’मध्ये नीना हिबिन यांना तो आरंभापासून अंतापर्यंत दुष्ट वाटला. सर्वांत जास्त उद्धृत झाले ते डेरेक हिल यांचे ‘ट्रिब्यून’मधले वाक्य. हा चित्रपट फावड्याने गोळा करून जवळच्या गटारात लोटून द्यावा, तरी वास राहीलच, अशा अर्थाचे ते होते. ‘एक्सप्रेस’ उजव्या बाजूचे, ‘ट्रिब्यून’ मजूर पक्षाच्या डाव्या गटाचे, ‘डेली वर्कर’ त्याहून डावीकडचे आणि ‘स्पेक्टेटर’ परंपरावाद्यांचे. एरवी कुठल्याच गोष्टीवर ज्यांचे एकमत होत नसे, ती पत्रे या एका चित्रपटावर एकजीव झाली.

एवढा संताप का, याचे उत्तर चित्रपटातल्या हिंसेत सापडत नाही. त्याच सुमारास हॅमर कंपनीचे ‘द कर्स ऑफ फ्रँकेन्स्टाइन’ (१९५७) आणि ‘ड्रॅक्युला’ (१९५८) यांत रक्त कितीतरी जास्त होते. समीक्षक त्यांच्यावर नाक मुरडत, पण ते पोरखेळ म्हणून सोडून देत. सगळेच सोडून देत नव्हते म्हणा. डेरेक हिल यांनी १९५८-५९ च्या हिवाळी अंकात ‘साइट अँड साउंड’मधून भयपटांच्या वाढत्या लाटेवर लांबलचक हल्ला केला होता. म्हणजे ‘पीपिंग टॉम’ला झालेल्या शिव्या काही प्रमाणात आधीच तयार होत्या. पण क्विग्ली यांच्या परीक्षणात खरी बोच उघड होते. भयपट आधीही आले होते. हा मात्र कातडीखाली शिरतो, आणि आपण वेड्यांसाठी नसून घरंदाज, सर्वसाधारण प्रेक्षकांसाठी आहोत असा आव आणतो, अशी त्यांची तक्रार होती. ड्रॅक्युला दूरच्या ट्रान्सिल्व्हेनियात राहतो. मार्क लंडनमध्ये भाडेकरू ठेवून राहतो, दूध पितो, शेजारच्या मुलीशी अदबीने बोलतो आणि चित्रपटाच्या धंद्यात नोकरी करतो. अंधारात बसून दुसऱ्याची भीती पाहण्यात सुख मानतो. परीक्षण लिहिणाऱ्याचा दिवसही याहून फार वेगळा नसतो, आणि हे साम्य पॉवेल यांनी लपवलेले नाही.

दुसरे कारण अभिरुचीचे. १९५० च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमधले गंभीर समीक्षक वास्तववादाच्या बाजूने उभे होते. ‘फ्री सिनेमा’ ही माहितीपटांची चळवळ, ‘रूम अ‍ॅट द टॉप’ (१९५९), आणि १९६० च्याच शरदात आलेला ‘सॅटर्डे नाइट अँड संडे मॉर्निंग’ असे कामगारवस्त्यांतले, धुरकट कृष्णधवल चित्रपट ही त्यांच्या दृष्टीने ब्रिटिश सिनेमाची पुढची वाट होती. गडद रंगांची, उघडपणे बनावट वाटणारी आणि मनोविश्लेषणाच्या कोड्यांनी भरलेली ही गोष्ट त्या वाटेवर कुठेच बसत नव्हती. कारागिरी मान्य करून हेतूवर आरोप करण्याची जी लकब बहुतेक परीक्षणांत दिसते, तिचे मूळ इथे आहे. शैली ही विषयाची गरज असू शकते, ही शक्यता फारशी कुणी तपासली नाही.

ज्या वर्षी हे घडले, त्याच वर्षी आल्फ्रेड हिचकॉक यांचा ‘सायको’ आला. दोन्हींत एकटा तरुण, दोन्हींत आई-वडिलांनी घडवलेली विकृती, दोन्हींत चोरून पाहणे. ‘सायको’वरही लंडनची परीक्षणे बरी नव्हती. लेज्यून बाई तर तो चित्रपट अर्धवट सोडून उठल्या आणि वर्ष संपता संपता त्यांनी ‘ऑब्झर्व्हर’मधली जागाच सोडली. पण ‘सायको’ तुफान चालला आणि परीक्षणे निष्प्रभ झाली. पॉवेल यांची गत पाहून हिचकॉक यांनी समीक्षकांना आधी चित्रपट दाखवायचे टाळले, असे अनेक लेखांत सांगितले जाते. त्यात तथ्य असेलच असे नाही. ‘सायको’चे रहस्य राखण्याची गरज स्वतंत्रच होती आणि त्याच्या जाहिरातीची सारी मांडणी तिच्यावर उभी होती. फरक पडला तो वेगळ्याच ठिकाणी. ‘सायको’त खुनी कोण हे शेवटपर्यंत कळत नाही, त्यामुळे प्रेक्षकाला त्याच्या बाजूने पाहण्याचा दोष लागत नाही. ‘पीपिंग टॉम’ ही सोय ठेवत नाही.

अँग्लो-अमाल्गमेटेडने लवकरच चित्रपटातून अंग काढून घेतले. अमेरिकेत तो १९६२ मध्ये कापलेल्या रूपात आला आणि काही ठिकाणी तर कृष्णधवल प्रतींवर चालला. रंग हाच ज्याच्या अर्थाचा मोठा भाग, त्या चित्रपटाची याहून वाईट थट्टा झाली नसती.

‘पीपिंग टॉम’ने पॉवेल यांची कारकीर्द एका फटक्यात संपवली, हे वाक्य आता जवळपास प्रत्येक लेखात भेटते. पॉवेल यांनी स्वतःही तसे मानले आणि आत्मचरित्राच्या दुसऱ्या खंडात ते आले आहे. वस्तुस्थिती थोडी वेगळी आहे. १९६१ मध्ये त्यांचा ‘द क्वीन्स गार्ड्स’ प्रदर्शित झाला. तो सपशेल पडला, आणि त्याच्या पडण्याला ‘पीपिंग टॉम’च्या बदनामीपेक्षा त्याचे स्वतःचे दोष जास्त कारणीभूत होते. त्यांनी दूरचित्रवाणीसाठी काम केले. ऑस्ट्रेलियात जाऊन ‘दे आर अ वीअर्ड मॉब’ (१९६६) आणि जेम्स मेसन व हेलन मिरेन यांना घेऊन ‘एज ऑफ कन्सेंट’ (१९६९) केला. १९७२ मध्ये प्रेसबर्गर यांच्यासह मुलांसाठी ‘द बॉय हू टर्न्ड यलो’ हा छोटा चित्रपट केला. ‘हनीमून’च्या अपयशाने सुरू झालेली घसरण ‘पीपिंग टॉम’ने वेगवान केली, एवढे खात्रीने म्हणता येते. ब्रिटनमध्ये त्यांना मोठ्या खर्चाचा चित्रपट पुन्हा करता आला नाही हे खरे. पण १९६० च्या दशकात त्यांच्या पिढीतल्या इतर दिग्दर्शकांनाही तो सहजासहजी मिळत नव्हता. छळ झालेल्या प्रतिभावंताची गोष्ट पुढच्या पिढीला आवडली आणि तिने बारकावे गाळून ती पुढे सांगितली.

पहिली दखल फ्रान्समध्ये घेतली गेली. तिथे ‘ल व्हॉयर’ या नावाने चित्रपट १९६० मध्येच लागला, आणि ‘पोझितीफ’ या मासिकात झाँ-पॉल तोरोक यांनी त्याच वर्षी त्याची गंभीर चिकित्सा केली. ‘काइए द्यु सिनेमा’ या मासिकाशी स्पर्धा करणाऱ्या या गटाला अतिवास्तववादाची ओढ होती. इच्छा, स्वप्न आणि क्रौर्य एकत्र आणणारा चित्रपट त्यांना आक्षेपार्ह न वाटता आपला वाटला. पुढे दिग्दर्शक झालेले बर्त्राँ ताव्हर्निए तेव्हा तरुण समीक्षक आणि प्रसिद्धी-सल्लागार होते. त्यांनी पॉवेल यांना शोधून काढले आणि अनेक वर्षे त्यांच्या चित्रपटांची बाजू लावून धरली. लंडनने टाकून दिलेला दिग्दर्शक पॅरिसमध्ये चर्चेचा विषय झाला, तरी लंडनला त्याचा पत्ता फार उशिरा लागला.

ब्रिटनमध्ये बाजू पालटायला सुरुवात केली ती रेमंड डर्ग्नाट यांनी. १९६५ मध्ये ‘मूव्ही’ मासिकात त्यांनी टोपणनावाने पॉवेल यांच्यावर लेख लिहिला आणि १९७० च्या ‘अ मिरर फॉर इंग्लंड’ या पुस्तकात ती मांडणी विस्तारली. ब्रिटिश सिनेमा म्हणजे संयत वास्तववाद, हे समीकरणच त्यांना मान्य नव्हते. पॉवेल यांच्यात त्यांना दडपलेल्या स्वच्छंदतावादी परंपरेचे सूत्र दिसले. १९७८ मध्ये लंडनच्या नॅशनल फिल्म थिएटरमध्ये पॉवेल-प्रेसबर्गर यांचा मोठा महोत्सव झाला आणि इअन ख्रिस्ती यांनी संपादित केलेले पुस्तक निघाले. त्यात १९६० च्या परीक्षणांचा साद्यंत आढावा होता. त्या परीक्षणांतली वाक्ये आज सर्वत्र सापडतात, याचे श्रेय बऱ्याच अंशी या संकलनाला आहे. ज्यांनी शिव्या दिल्या त्यांचे शब्द जपून ठेवले ते चित्रपटाच्या पाठीराख्यांनी.

अमेरिकेतला अध्याय मार्टिन स्कोर्सेसी यांच्या नावावर आहे. चित्रपटाच्या विद्यार्थ्यांत १९६० च्या दशकात या चित्रपटाची कुजबुज होती, पण तो पाहायला मिळणे दुरापास्त होते. १९७० च्या सुमारास त्यांना न कापलेली रंगीत प्रत पाहता आली. चित्रपट बनवण्याबद्दल जे काही सांगण्यासारखे आहे ते फेलिनी यांच्या ‘एट अँड हाफ’मध्ये आणि ‘पीपिंग टॉम’मध्ये येऊन गेले आहे, असे ते पुढे सांगत राहिले : एकात निर्मितीचा मोह, दुसऱ्यात तिच्यातली आक्रमकता. १९७९ मध्ये न्यूयॉर्क चित्रपट महोत्सवात तो दाखवला गेला, आणि अमेरिकेतल्या पुनर्वितरणाला स्कोर्सेसी यांनी स्वतःच्या खिशातून हातभार लावला. पुढे पॉवेल यांनी स्कोर्सेसी यांच्या संकलक थेल्मा स्कूनमेकर यांच्याशी १९८४ मध्ये विवाह केला. लिओ मार्क्स यांचेही नाते जुळले. ‘द लास्ट टेम्प्टेशन ऑफ क्राइस्ट’ (१९८८) मध्ये सैतानाचा आवाज त्यांचा आहे.

पुनर्मूल्यमापनाची ही लाट एकमुखी नव्हती. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे व्हिन्सेंट कॅन्बी यांनी १९७९ मध्ये तिच्यावर थंड पाणी ओतले. या पुनर्शोधातून कलेपेक्षा समीक्षेतल्या फॅशनची माहिती जास्त मिळते, आणि नवा कर्ता दिग्दर्शक प्रथम आपणच शोधला हे मिरवण्याच्या हौसेपोटी पॉवेल यांच्यात प्रतिभा पाहिली जात आहे, असा त्यांचा रोख होता. कॅन्बी यांचा निष्कर्ष टिकला नाही. तरी गौरवातही एक सामूहिक उत्साह असतो हे त्यांचे निरीक्षण निराधार नव्हते. १९६० मध्ये सगळे मिळून शिव्या देत होते, १९८० नंतर सगळे मिळून स्तुती करू लागले, आणि चित्रपटातले खरे दोष दोन्ही वेळा बाजूला पडले. इंग्लंडमध्ये वाढलेला मार्क जर्मन धाटणीने का बोलतो याचे उत्तर चित्रपट देत नाही. पोलीस तपासाचा भाग साचेबंद आहे. मानसोपचारतज्ज्ञाचा प्रवेश तर पाठ्यपुस्तकातून उचलल्यासारखा येतो.

हा शेवटचा मुद्दा विद्यापीठीय समीक्षेलाही लागू पडतो. लॉरा मल्व्ही यांचा दृश्यसुख आणि कथनात्मक सिनेमा यांवरचा निबंध १९७५ मध्ये ‘स्क्रीन’ या नियतकालिकात आला. पडद्यावर पुरुष पाहतो आणि स्त्री पाहिली जाते, ही त्याची मांडणी हिचकॉक आणि स्टर्नबर्ग यांच्या चित्रपटांवर आधारलेली होती. पण ती वाचून झालेल्यांना ‘पीपिंग टॉम’ म्हणजे तिचे हुबेहूब उदाहरण वाटले. पुढे खुद्द मल्व्ही यांनीही त्यावर लिहिले. काया सिल्व्हरमन यांनी १९८८ मध्ये त्यातल्या आवाजाचा आणि कॅरल क्लोव्हर यांनी १९९२ मध्ये भयपटातल्या स्त्री-पुरुष नजरेचा विचार करताना त्याला मध्यवर्ती जागा दिली. या लिखाणातले उत्तम भाग चित्रपटाच्या रचनेकडे बारकाईने पाहतात. उरलेल्यात मात्र एक सोपेपणा येतो. फ्रॉइडवर चित्रपट करता आला नाही म्हणून लिहिलेल्या कथेत फ्रॉइड सापडला तर त्यात शोध कसला? क्लोव्हर यांचे काम याला अपवाद म्हणावे लागेल. प्रेक्षक केवळ खुन्याच्याच नव्हे तर मरणाऱ्या स्त्रीच्याही जागी बसवला जातो, हे आरशाच्या युक्तीवरून त्यांनी दाखवून दिले, आणि चित्रपटाच्या नैतिकतेचा वाद त्यामुळे वेगळ्या पातळीवर गेला.

सर्वांत गाजलेले मतपरिवर्तन ‘संडे टाइम्स’च्या डिलिस पॉवेल यांचे. आडनाव सारखे असले तरी दिग्दर्शकाशी त्यांचे नाते नव्हते. १९६० मध्ये त्यांनी चित्रपट साफ धुडकावला होता. जून १९९४ मध्ये, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, त्यांनी त्याच पत्रात लिहिले की तेव्हा आपल्याला त्याचा तिरस्कार वाटला आणि तसे आपण लिहिलेही. आज तो अद्वितीय कलाकृती आहे अशी आपली खात्री झाली आहे, आणि परलोकात बोलायची मुभा असेल तर मायकल पॉवेल यांना गाठून माफी मागणे आपण कर्तव्य समजू. दिग्दर्शकाला जाऊन तेव्हा चार वर्षे झाली होती. वर्षभरात डिलिस पॉवेलही गेल्या. १९६० च्या परीक्षकांत स्वतःचे शब्द इतक्या उघडपणे मागे घेणारे दुसरे नाव डोळ्यांसमोर येत नाही.

संस्थात्मक मान्यता त्यानंतर सहजच आली. ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने १९९९ मध्ये केलेल्या विसाव्या शतकातल्या १०० ब्रिटिश चित्रपटांच्या यादीत ‘पीपिंग टॉम’ ७८ वा होता. ‘रेड शूज’ त्याच्या कितीतरी वर, पहिल्या दहांत होता. म्हणजे पुनर्मूल्यमापन झाले तरी पॉवेल यांचे सर्वश्रेष्ठ काम म्हणून बहुसंख्यांनी तो मानला असे नाही. चर्चा मात्र त्याचीच जास्त होते, आणि अलीकडे तिचा रोख बदलला आहे. मारल्या जाणाऱ्या तिघी म्हणजे एक वेश्या, एक बदली नर्तिका आणि छायाचित्रांसाठी उभी राहणारी एक मॉडेल. तिघीही शरीराच्या जोरावर पोट भरणाऱ्या, आणि चित्रपटाची सहानुभूती त्यांच्यापेक्षा खुन्याकडे अधिक झुकलेली. पॉवेल पाहण्याच्या सुखाची चिकित्सा करतात की त्या सुखात स्वतःही वाटेकरी होतात, यावर अभ्यासकांत एकमत नाही. पित्याच्या भूमिकेत स्वतःला आणि बळी पडणाऱ्या मुलाच्या भूमिकेत आपल्याच मुलाला उभे करणाऱ्या दिग्दर्शकाने या प्रश्नातून सुटका करून घेण्याचा प्रयत्न केला नाही, एवढे दिसते.

स्कोर्सेसी यांची फिल्म फाउंडेशन आणि ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटचा संग्रह यांनी ‘स्टुडिओकॅनाल’सह चित्रपटाची नवी फोर-के प्रत तयार केली. ती २०२३ मध्ये पॉवेल-प्रेसबर्गर महोत्सवाच्या निमित्ताने पुढे आली आणि ब्रिटनच्या चित्रगृहांत लागली. हेलर यांचे लाल आणि पिवळे रंग तिच्यात मूळच्या गडदपणासह परतले आहेत. ब्रिटनमध्ये या चित्रपटाला आता ‘१५’ प्रमाणपत्र आहे, म्हणजे १९६० पेक्षा एक वर्षाने लहान प्रेक्षकालाही तो पाहता येतो.